व्हॅन वाळूवर नको, अंगणात हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की पर्यटनाच्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून एक छायाचित्र हमखास फिरू लागतं. मागची दारं सताड उघडलेली कॅम्परव्हॅन, आत पांढरी चादर, चादरीवर दोन कप आणि दारापासून वीस पावलांवर लाटा. नवरा-बायकोनं व्हॅन घेऊन कोकण किनाऱ्यानं निवांत फिरावं, हे आम्हाला मनापासून पटतं. मांडव्यापासून तेरेखोलपर्यंतचा पट्टा त्यासाठी फार चांगला आहे. पण त्या छायाचित्रातली जागा चुकीची आहे. ती का चुकीची आणि बरोबर जागा कोणती, हे कोणी लिहीत नाही. पत्र लांबलं आहे, पण मुद्दे एकमेकांत अडकलेले असल्यानं तोडता आलं नाही.

ओहोटीच्या वेळी पुळणीचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूचा, ओला पट्टा टणक वाटतो. माणूस चालतो, मोटरसायकल जाते, बैलगाडीही जाते. दीड ते तीन टनांची भरलेली व्हॅन तिथे नेली तर चालताना फारसं काही होत नाही, जे होतं ते थांबल्यावर. भरतीचं पाणी वर येण्याआधीच वाळूच्या आत पाणी चढतं, वाळू सैल होते आणि चार चाकं हळूहळू बसू लागतात. पहिली लाट टायरला लागली की ती टायरभोवतीची वाळू उकरून नेते. तोवर मागे फिरायचं म्हटलं तर वरची कोरडी वाळू आणखी भुसभुशीत. दरवर्षी किनाऱ्यावर गाड्या बुडतात त्या याच क्रमानं.

खलाशांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, दुपारची तशीच रात्रीची. हा अंदाज झाला. मालवणकडे भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकातून पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि पाणी रोजच्या खुणेच्या बरंच वर येतं. काल कोरडी होती म्हणून जागा आज कोरडी राहीलच असं नाही.

तरीही चाकं रुतलीच तर पहिली गोष्ट म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. चाक फिरवत राहिलं की दोन मिनिटांत ॲक्सल वाळूला टेकतो आणि मग ट्रॅक्टरशिवाय इलाज नाही. टायरमधली हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवावी, इंजिनाच्या जोरानं फिरणाऱ्या चाकांच्या पुढची वाळू उतार देत काढावी, चाकाखाली लाकडी फळ्या किंवा जाड पायपुसणी सरकवावीत आणि पाण्याच्या टाक्या रिकाम्या कराव्यात. ७० लिटर पाणी म्हणजे ७० किलो वजन. मग दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अलगद सोडत. फळीच्या मागे कोणी उभं राहू नये, ती जोरात उडते. डांबरावर आल्यावर हवा लगेच भरायची. उतरवलेल्या हवेवर वेग घेतला तर टायरची बाजू तापून फाटते.

दुसरं कारण कासवांचं. वेळास, आंजर्ले, गुहागर, तांबळडेग, वायंगणी या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालतात आणि सुमारे दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. व्हॅनवाल्यांचा हंगामही नेमका हाच. अंडी दीड-दोन फुटांवर असतात. त्यावरून चाक गेलं की वाळू दाबली जाते आणि पिल्लांना वर येता येत नाही. जी येतात ती उजेडाकडे धावतात. एरवी तो उजेड समुद्रावरचा असतो, व्हॅन उभी असेल तर तिच्या दिव्यांचा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आहे, तेव्हा ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. गोव्यात शिरल्यावर आणखी एक लक्षात ठेवावं. तिथे किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणं आणि मद्यपान करणं २०१९ पासून दंडपात्र आहे.

मग थांबायचं कुठे? कोकणात याचं उत्तर तयार आहे आणि ते कोणी वापरत नाही. न्याहारी-निवासाची घरं जवळजवळ प्रत्येक किनाऱ्याच्या गावात आहेत. त्यांच्या अंगणात किंवा वाडीच्या तोंडाशी व्हॅन उभी करायला जागा, नळ, एक सॉकेट आणि न्हाणीघर मागायचं आणि त्याचे रीतसर पैसे द्यायचे. खोलीचं भाडं बुडवून फुकट मुक्काम मागणारे लोक आहेत, त्यामुळे काही घरमालक व्हॅन पाहूनच कपाळाला आठ्या घालतात. आधी फोन करावा, गाडीची लांबी-उंची सांगावी आणि रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच घ्यावं. व्हॅनमध्ये मासे तळण्यापेक्षा ते केव्हाही बरं. तळणीचा वास गादीत आठवडाभर राहतो.

अंगणातही जागा निवडावी लागते. माडाखाली गाडी लावू नये. नारळ पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वाळलेली झावळीही सौर पॅनेलची काच फोडायला पुरेशी होते. सुरूच्या बनातली सावली छान, मात्र ती जमीन बहुधा वनखात्याची असते आणि खाली पडलेल्या सुया इतक्या कोरड्या असतात की तिथे शेगडी पेटवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, संध्याकाळपर्यंत त्यांचा जोर असतो. रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारे सुरू होतात. आपल्याकडच्या बहुतेक व्हॅनचं सरकतं दार डाव्या बाजूला असतं. म्हणून गाडीचं नाक उत्तरेला ठेवलं की दार पश्चिमेला येतं आणि संध्याकाळी वारा थेट आत येतो. झोपताना दार लावून पूर्वेकडची खिडकी आणि छताचा झरोका उघडा ठेवला की मतलई वारा आपलं काम करतो. डिसेंबर-जानेवारीत भरपूर दव पडतं. सगळं बंद करून झोपलं तर दोघांच्या श्वासाची वाफ पत्र्यावर धरते आणि गादीच्या खालच्या बाजूला बुरशी येते. दोन विरुद्ध बाजूंच्या काचा दोन-दोन बोटं उघड्या, आतून जाळी आणि गादीखाली सलग प्लायवूडऐवजी फटी ठेवलेल्या पट्ट्या, एवढं केलं की हा प्रश्न मिटतो. जाळी बारीक हवी. डासांच्या जाळीतून चिलटं सहज आत येतात.

प्रवासाचा वेग हा सगळ्यात जास्त चुकणारा हिशेब. रेवस-रेड्डी सागरी मार्ग सुमारे ५०० किलोमीटरचा. महामार्गाच्या सवयीनं लोक तो चार दिवसांत ‘करतात’ आणि परत येऊन रस्त्याला शिव्या देतात. रस्ता वळणांचा, चढ-उतारांचा, मध्येच गावातून जाणारा आहे. सरासरी ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि जाऊही नये. दिवसाला ४० ते ५० किलोमीटर, म्हणजे दीड-दोन तास गाडी, आणि दर दोन दिवसांनी एक दिवस मुक्काम. या हिशेबानं मांडवा ते तेरेखोल अडीच-तीन आठवड्यांचा प्रवास होतो. १५ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. नाताळ ते ३१ डिसेंबर आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात, जेट्टीवर तासन्‌तास रांग लागते. मार्चपासून रात्री घामट होतात आणि पत्र्याची गाडी उशिरापर्यंत निवत नाही.

मुंबईहून येणाऱ्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो (गाड्यांसकट नेणारी बोट) आहे, २०२० पासूनची, तासाभराचा प्रवास. पुढे खाड्या ओलांडायच्या म्हणजे आगरदांडा-दिघी, सावित्रीवर बागमांडला-वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे आणि शास्त्री नदीच्या मुखाशी तवसाळ-जयगड. या जेट्ट्या नसत्या तर म्हाप्रळ, चिपळूण, भातगाव असे वळसे पडले असते. पूल व्हायचे तेव्हा होतील. आज तरी फेरी हाच या प्रवासातला सगळ्यात रमणीय भाग आहे आणि सगळ्यात जास्त मोडतोडही तिथेच होते. ओहोटीला धक्का आणि बोटीचा उतार यांत तीव्र कोन तयार होतो. ज्या गाडीचा मागच्या चाकांमागचा भाग लांब असतो (टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या जवळजवळ सगळ्याच), तिचं शेपूट खाली घासतं. तिथे सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू म्हणजे सांडपाण्याच्या टाकीचा कॉक. तो तुटला की टाकीतलं सगळं बोटीवर. उपाय दोन आहेत. एक, वरचा तिथीचा हिशेब वापरून भरतीच्या आगेमागे दोन-अडीच तासांत जेट्टीवर पोहोचायचं. दोन, गाडी बांधून घेतानाच तो कॉक चेसिसच्या पातळीच्या वर बसवून घ्यायचा. जेट्टीच्या उतारावर शेवाळ असतं, तेव्हा चढताना मध्ये थांबू नये. बोटीवर इंजिन बंद, हँडब्रेक, पहिला गिअर, गॅसचा रेग्युलेटर बंद, आणि चालकाखेरीज सगळे आधीच गाडीतून खाली.

गावातल्या गल्ल्या हा दुसरा अडथळा. दिवेआगर, केळशी, आंजर्ले, गुहागर इथल्या वाड्यांतून दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती) असतात आणि मधली वाट एका गाडीपुरती. आरसे मिटूनही रुंद गाडी जेमतेम जाते. उंचीचं तर कोणाच्या लक्षातच राहत नाही. मूळची अडीच मीटरच्या वरची गाडी, त्यावर पंखा, पॅनेल आणि एसी बसवला की तीन मीटरच्या घरात जाते. आंब्याफणसाच्या फांद्या आणि केबलच्या वायरी नेमक्या त्याच उंचीवर असतात. एकानं उतरून पुढे चालावं. ओरडण्यापेक्षा हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात. मागे घेताना खूण करणारा आरशात दिसत नसेल तर चालकानं थांबायचं, हा एकच नियम बरीच भांडणं वाचवतो.

विजेचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय निघू नये. दोघांसाठी ४० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज कोकणच्या उष्म्यात दिवसाला ५५० ते ६०० वॉट-तास घेतो. छताचा एक आणि लहान एक असे दोन पंखे रात्रभर चालले की ३०० धरा. दिवे, पाण्याचा पंप आणि दोन मोबाइल मिळून शंभर-सव्वाशे. म्हणजे दिवसाला सुमारे १,००० वॉट-तास. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॉट-तासांची असते, त्यातली नव्वद टक्के वापरता येते. म्हणजे जेमतेम एक दिवस. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडते हे खरं, पण तिची निम्मीच क्षमता वापरायची असते. वजन मात्र लिथियमच्या चौपटीहून जास्त, आणि ॲसिडची वाफ झोपायच्या खोलीत.

२०० वॉटचं पॅनेल दिवसभर २०० वॉट देतच नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, पॅनेल छतावर सपाट असतं आणि तापलेल्या पॅनेलची क्षमता दर अंशामागे साधारण ०.४ टक्क्यानं उतरते. उघड्यावर साडेसहाशे वॉट-तास मिळाले तर छान म्हणायचं. सावलीत गाडी लावली की ते पाव हिश्श्यावर येतात. सावली हवी आणि ऊनही हवं हे एकाच छताला जमत नाही. उरलेली तूट गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर चालणाऱ्या वीजजनित्रावरून) भरायची. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरची वीज योग्य व्होल्टेजला आणून दुसऱ्या बॅटरीत भरणारा) तासाला सुमारे ३८० वॉट-तास टाकतो. वर सांगितलेले रोजचे दीड-दोन तास गाडी चालली की खातं बरोबर जुळतं. म्हणून ४०-५० किलोमीटर हा आकडा केवळ निवांतपणासाठी नाही.

बीएस-६ (नव्या प्रदूषण निकषांच्या) गाड्यांत मेकॅनिक नुसता रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) टाकून दुसरी बॅटरी जोडतात, ते टिकत नाही. या गाड्यांचा अल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज खाली-वर करतो आणि दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. डीसी-डीसी चार्जरच हवा. त्याची वायर १६ चौरस मिलिमीटरची घ्यावी. घरगुती अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीतून पाच मीटर अंतरावर ३० अँपिअर नेले तर दोन व्होल्ट वाटेतच जातात आणि त्याची उष्णता प्लायवूडच्या मागे साठते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत असावा. बॅटरी इंजिनलगत ठेवू नये, तापली की तिचं संरक्षक सर्किट स्वतःहून प्रवाह तोडतं आणि फ्रिज बंद पडल्याचं कारण कोणाला सापडत नाही. खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवट थर येतो. पुसून पेट्रोलियम जेली लावावी.

छतावरचा एसी बॅटरीवर चालेल असं जाहिरातीत म्हणतात. चालतो, तासाभराच्या आत बॅटरी संपते. एसी हवा असेल तर रात्री २३० व्होल्टची जोडणी आणि १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. जोडण्यापूर्वी सॉकेट टेस्टरनं अर्थिंग तपासावं. जुन्या घरांत तिसरी पिन नुसतीच शोभेची असते आणि अर्थिंगशिवाय पत्र्याची गाडी जोडणं जिवावर बेतू शकतं. इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं तर अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता पाणी, आणि पाण्याहून महत्त्वाचं सांडपाणी. आंघोळ घरमालकाच्या न्हाणीघरात केली तर दोघांना व्हॅनमधलं २० ते २५ लिटर पाणी दिवसाला पुरतं. ७० लिटरची टाकी तीन दिवस जाते. ती दोन ॲक्सलच्या मधोमध आणि खाली असावी. मागच्या टोकाला असेल तर वळणावर गाडीचं शेपूट हलतं. पिण्याचं पाणी वेगळ्या जारमध्ये. फेब्रुवारीनंतर किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होऊ लागतात. चहाची चव बदलते तो पहिला इशारा. खिशात मावणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ठेवावा, ५००च्या वर आकडा गेला की ते पाणी भांड्यांना. निघण्यापूर्वी टाकी निर्जंतुक करायला ६० लिटर पाण्यात ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं ६० मिलिलिटर घालावं, सगळ्या तोट्यांतून थोडं सोडावं, चार तास ठेवावं आणि दोनदा धुऊन टाकावं. पंप रात्री आपोआप क्षणभर वाजत असेल तर पंपाच्या पुढे कुठेतरी गळती आहे. तो थांबतच नसेल आणि पाणी येत नसेल, तर मागच्या बाजूनं हवा खेचतोय किंवा गाळणीत वाळू अडकली आहे. दोन्हींसाठी मेकॅनिक लागत नाही.

भांड्यांचं पाणी टाकीत जमा व्हावं, उघडं वाहू नये. ही टाकी ४० लिटरची असली तरी कोकणात ती एका दिवसात घाण मारू लागते, कारण ओल्या नारळाचं वाटण. खोबऱ्याची चरबी नळीत थिजते आणि आंबते. ताट-वाटी आधी कागदानं किंवा केळीच्या पानानं पुसून मग धुवावी, तोंडाशी बारीक जाळी बसवावी आणि टाकी रोज रिकामी करावी. कुठे? घरमालकाच्या परवानगीनं शोषखड्ड्यात. साबण सौम्य असेल आणि पाणी थोडं असेल तर माडाच्या आळ्यात, तेही विचारून. गटार दिसलं म्हणून त्यात नको, गावातली गटारं खाडीतच जातात.

कॅसेट शौचालयाची (ज्याची मैल्याची पेटी बाहेर काढून रिकामी करता येते) पेटी १८ ते २० लिटरची असते, दोघांना दोन ते तीन दिवस पुरते. तिच्यासाठी मिळणाऱ्या निळ्या द्रवांपैकी काहींत फॉर्मल्डिहाइड असतं. वास चटकन मरतो, पण ते सेप्टिक टँकमधले जिवाणूही मारतं. गावातल्या घराचा टँक लहान असतो, अशा दोन-चार पेट्या त्यात गेल्या की तो तुंबतो. पाहुणे पुढे गेलेले असतात, निस्तरायचं घरमालकाला. फक्त जैविक, विकरयुक्त (एन्झाइमचा) द्रव वापरावा, बाटलीवरची घटकांची यादी वाचावी. पेटी सेप्टिक टँकच्या शौचालयातच ओतावी, दोनदा पाणी फिरवून धुवावी आणि ते धुण्याचं पाणीही तिथेच टाकावं. सुरूच्या बनात खड्डा खणून ओतणारे लोक पुढच्या सगळ्या व्हॅनवाल्यांची दारं बंद करून जातात.

गॅसचं थोडक्यात. ५ किलोचा सिलिंडर दोघांच्या चहा-नाश्ता-वरणभाताला तीन आठवडे सहज जातो. तो उभाच ठेवावा, पट्ट्यानं बांधावा, आणि त्याच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवंच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साठतो. भोक फळीनं झाकून वर चपला ठेवणारे लोक असतात. रबरी नळीवर छापलेली मुदत पाहावी. गाडी चालू असताना सिलिंडर बंद.

कागदपत्रांबाबतही सावध राहावं. आपल्या खासगी गाडीतल्या सीट काढून पलंग-ओटा ठोकणं हा मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली फेरबदल ठरतो, त्याला आरटीओची मंजुरी लागते आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, बांधून देणाऱ्याला त्याबद्दल विचारावं. भाड्यानं घेत असाल तर नंबरप्लेट पाहा. स्वतः चालवायला भाड्यानं दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी ‘तशीच’ देत असेल तर अपघातानंतर विमा मिळणार नाही, असं समजून चालावं.

गाडी परत आणल्यावर चेसिस गोड्या पाण्यानं धुवावी. मचूळ विहिरीचा पाइप लावून धुणं म्हणजे आणखी मीठ लावणं. सरकत्या दाराच्या पट्टीत ग्रीस भरू नये, त्यात वाळू चिकटून दार घासतं. ब्रशनं झाडून कोरडं सिलिकॉन फवारावं.

हे सगळं वाचून वाटेल की व्हॅन म्हणजे डोकेदुखी. तसं नाही. यातली निम्मी डोकेदुखी गावात चार साध्या सोयी झाल्या तर राहणारच नाही. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पार्क म्हटलं की कमान, हिरवळ आणि उद्‌घाटन डोळ्यांपुढे येतं. कोकणाला ते नको आहे. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी आणि न्याहारी-निवासवाल्यांनी वाळूपासून आत, रस्त्यालगत एक-दोन गाड्यांची जागा केली तरी पुरे. चार मीटर बाय आठ मीटरची जांभा चिऱ्याची फरसबंदी, माडांपासून दूर. अर्ध्या इंचाचा एक नळ, त्यावर पिण्याचं की वापराचं अशी पाटी. १६ अँपिअरचा झाकणाचा सॉकेट, त्यामागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरंखुरं अर्थिंग. सेप्टिक टँकला जोडलेलं झाकणाचं तोंड, कॅसेट ओतण्यापुरतं. सांडपाण्यासाठी आधी चरबी अडवणारी लहान टाकी आणि मग मीटरभर लांब-रुंद-खोल, दगड-विटांचे तुकडे भरलेला शोषखड्डा.

रात्रीचं शुल्क ठरवून पाटीवर लिहावं, पावती द्यावी आणि पुळणीकडे जाणाऱ्या वाटेवर गाडी जाणार नाही असे दोन चिरे उभे करावेत. खड्डा मात्र विहिरीपासून किमान १५ मीटर लांब, आणि वाळूच्या जमिनीत पाणी वर असतं म्हणून पावसाळ्यानंतर पातळी पाहूनच खणावा.

आपले,
एक वाचक दांपत्य, रत्नागिरी